मैद्याची खळ

बहरीनच्या मनाम्यात ऑक्टोबर सरता सरता उकाडा ओसरतो आणि खिडकीतला एसी बंद होतो. माणसांना हायसं वाटतं. पण त्याच दिवसांत बाहेर गारवा पडला की मेली झुरळं वरात काढून घरात शिरतात. आमची इमारत जुन्या बाजारातली; एसीच्या चौकटीभोवती बोट जाईल एवढी फट.

लग्नानंतर तीन वर्षं मी सासरी कुडाळला काढली. नवरा दोन रजांपुरता पाहिलेला. मग कुठे फॅमिली व्हिसा मिळाला आणि आठ महिन्यांची लेक कडेवर घेऊन मी इथे आले.

एका सकाळी लेकीचा ओठ सुजलेला दिसला. दुधाच्या वासाने झुरळाने कुरतडला होता. ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "पुन्हा असं झालं तर दोघींना गावी पाठवतो. माझी बारा तासांची शिफ्ट, मी पहारा कधी देऊ?"

मी कसली जाते! फवारा मारायचा तर घरात तान्हं पोर. म्हणून मैद्याची खळ शिजवली. लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापल्या आणि फटी बुजवल्या. चौकट, दाराखालची भेग, मोरीची खिडकी, काही सोडलं नाही. तरी झुरळं वाढली. मी आणखी एक थर दिला, मग तिसरा. हात दुखून यायचे आणि रडूही यायचं.

पंधरा दिवसांनी लेकीचं बोट कुरतडलं. संध्याकाळी हे तिकिटं घेऊनच आले. मी भांडले, पाया पडले. "खलास," म्हणाले, "आता विषय नको."

निघायच्या दिवशी शेजारची वसईची नर्सबाई निरोपाला आली. तिने चौकटीची एक पट्टी सोलली. मागे झुरळांची पिल्लं वळवळत होती.

"अगं बाय, खळीत मोरचूद घातला नव्हतास?"

"विष ते. पोर भिंती चाटते."

"मग तू पंगतच वाढलीस की गं त्यांना."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "आता कळलं ना कारण? सगळं खरवडून काढते. राहू द्या आम्हाला." खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. ह्यांनी लेकीचं बोट पाहिलं आणि बॅग उचलली.

महिन्याने पत्र आलं. ह्यांनी सगळ्या पट्ट्या खरवडून फटीत सिमेंट भरलं होतं. "आता एकही झुरळ नाही. खात्री करायला रोज ताटलीत दूधभात ठेवतो. सकाळी तो तसाच असतो."

मी लगेच लिहिलं, बोलावून घ्या. पण आम्ही निघाल्यावर रद्द झालेला फॅमिली व्हिसा कंपनीने पुन्हा दिलाच नाही. हे पुढची अकरा वर्षं त्याच खोलीत एकटे राहिले.