माझ्या अक्षरातला अर्ज

सोलापुरातल्या आमच्या चाळीतले सगळे अर्ज मी लिहायची. नववीत होते आणि अक्षर बरं होतं. चाळीत तेलुगू, कानडी, मराठी असं सगळं चालायचं. भांडायला मात्र सगळ्यांना मराठीच लागायची.

आईबरोबर रोज आमच्या ओट्यावर विड्या वळायला एक मुसलमान बाई यायची, तिला मी खाला म्हणायची. ती मागच्या गल्लीत बहिणीकडे दाटीवाटीने राहायची. तिची पत्रंही मीच लिहायची. वाचता येत नसलं तरी ती ओळींवरून बोट फिरवून बघायची. आई टायफॉइडने पडली तेव्हा आईच्या वाट्याच्या विड्याही खालानेच वळल्या, कारखान्यातलं आईचं कार्ड बंद पडू नये म्हणून. चाळीत एक खोली रिकामी झाली आणि तिने घरमालकाकडे शब्द टाकला. खाला शेजारी येणार म्हणून मी हरखून गेले.

त्याच आठवड्यात वडिलांनी मला कागद घेऊन बसवलं. वडील मागावर कामाला होते. कामगाराला जात नसते, धर्म नसतो, असं सभेत ठणकावून सांगायचे. सव्वीस जानेवारीचं समतेवरचं माझं भाषण त्यांनीच पाठ करून घेतलं होतं. मराठी लिहिणं त्यांना जमत नसे, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले: रिकामी खोली आपल्याच माणसांना द्यावी, परधर्माचं बिऱ्हाड चाळीत नको.

माझा हात थांबला. ते तेलुगूत म्हणाले, "हे चाळीचं म्हणणं आहे, माझं नाही. तू लिही."

पहिली सही मात्र त्यांनीच केली. इतका दगा मला पुढे कुणीच दिला नाही. आणि मी तरी काय केलं? शुद्धलेखनाची एक चूकही न करता लिहून दिलं.

चार दिवसांनी खाला तोच कागद घेऊन आली. घरमालकाने तिच्याच हातावर टेकवला होता.

"चाळवाले क्या लिखे की. जरा पढ को सुना, बेटी."

मी वडिलांकडे पाहिलं. ते पाळीला निघाले होते. चपला घालता घालता, मान वर न करता ते तेलुगूत म्हणाले, "अक्षर लागत नाही म्हणून सांग."

आईशेजारी इतकी वर्षं बसून खालाला तेलुगू येत होती. तो माणूस तेवढंही विसरला होता.

खालाने ओळींवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघत कागदाची घडी घातली.

"इत्ता साफ लिखी है तू," ती म्हणाली, "और लगता नै?"