पैनगंगेची रेती, सुपासारखी चाकं आणि माझं गप्प बसणं

मी निघाले ती नाही म्हणायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्ही मला फार शहाणी समजणार नाही.

आमची रेणू, माझ्या लेकाची पोरगी, यवतमाळला आयटीआयत मोटार मेकॅनिकचं शिकली. वर्गात ती एकटीच पोरगी. मी स्वतः तिसरीतून शाळा सोडली, त्यामुळं तिच्या हाताला ग्रीस लागलेलं दिसलं तरी मला मिठाई वाटावीशी वाटते. नागपूरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टातून तिनं जुनी एटीव्ही आणली. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची फटफटी. हँडल मोटारसायकलचं, अंग लहान ट्रॅक्टरचं. आमच्या गावात, बोरी अरबात, ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आमची म्हैस दोर तोडून थेट देवळामागं गेली. मी पोट धरधरून हसले होते.

मग राजस्थानातून फोन आला. तिथं रेतीच्या टेकाडांवर पाहुण्यांना असल्या गाड्यांवर फिरवतात. गाडी घेऊन ये, टेकाड चढून दाखव, जमलं तर या हंगामाचं काम तुझं, असं त्यांनी सांगितलं. माझ्या लेकानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि सगळं माझ्यावर टाकून मोकळा झाला. "माय हो म्हणते तं जाय," म्हणाला.

आता माझी भीती कशाची, ते ऐका. बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचा ट्रॅक्टर ओल्या काळ्या मातीत रुतला. ह्यांनी जोर लावला, चाकं निघेनात, आणि ट्रॅक्टरचं नाक हळूहळू आभाळाकडे गेलं. मी बांधावर भाकरी घेऊन उभी होते. तो मागं उलथला. माती मऊ होती म्हणून हे वाचले, पण कंबर गेली ती गेलीच, तेव्हापासून काठी आहे. त्या दिवसापासून कुठल्याही गाडीचं नाक वर गेलं की मी पुन्हा त्या बांधावर उभी असते. आणि ही पोरगी टेकाड चढायचं म्हणते!

रेणू म्हणाली, "आजी, आधी आपल्या पैनगंगेच्या रेतीत चढून दाखवतो तुले. पाहून ठरव." संक्रांत नुकतीच झाली होती. डब्यात तिळगूळ भरला, भाकरी-ठेचा बांधला, आणि निघालो.

पहिला थांबा दारव्हा. म्हणजे उलट्या दिशेला, पण टायर तिथं होते. तिथल्या सलीमभाईंनी ट्रॅक्टरचे टायर बसवण्यात तीस वर्षं घालवली. रेतीतले टायर मात्र त्यांनीही पहिल्यांदाच पाहिले. रेणूनं नागपूरहून जुन्या टायरच्या दोन जोड्या बघायला मागवल्या होत्या. अशा टायरांना पॅडल टायर म्हणतात. नेहमीच्या टायरला खाचा असतात, ह्याला पाती असतात, वाकवलेल्या पळीसारखी. रेती उपसून मागं फेकायची आणि गाडी पुढं ढकलायची, असं त्यांचं काम.

एका जोडीला उंच उंच बारा पाती, दुसरीला बुटकी आठ. मला वाटलं, घ्यायचीच तर मोठी घ्यावी. रेणू म्हणाली, "माह्या गाडीचं इंजिन लहान हाय आजी. मोठ्या पात्यानं दमून जाईन थे." हे मला पटलं. मोठं फावडं घेऊन लहान बाई किती वेळ माती ओढेल? तुम्ही घ्यायला गेलात तर हेच बघा, गाडीत जोर किती ते आधी, पात्यांची उंची मग. आणि पाती फक्त मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना मधोमध एक उभी कड असली की रेतीत वळता येतं.

बुटकी जोडी बसवली. आमच्याकडं नव्या चाकाला हळद-कुंकू लावल्याशिवाय गाडी हलत नाही, मग चाक जुनं का असेना. मी जॅकवर उचललेल्या गाडीपाशी बसले आणि एकेका पात्याला बोट लावत गेले. पातं आतून खोलगट होतं, अगदी सुपासारखं. सलीमभाईंनी हातानं चाक पुढच्या दिशेनं फिरवलं, आणि माझं बोट थांबलं. फिरताना सुपाची पाठ आधी खाली येत होती, तोंड मागून.

"सलीमभाई, हे सूप उलटं तं नाई लागलं?"

"काकू, ट्रॅक्टर के टायर की नोक अशीच ऱ्हायते. नोक पहिले जमीनमें. तीस साल झाले मले."

"अवं आजी, तू कुंकू लाव," रेणू हसली.

टायरवर दिशेचा बाण असतो म्हणे, पण हे जुने, बाण घासून गेलेला. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. आणि मिटलं. कारण मनात आलं, उलटंच असेल तर गाडी चढणार नाही. नाही चढली तर पोरगी घरी राहील. मला नाही म्हणायचीसुद्धा गरज पडणार नाही. मी आणखी जरा कुंकू लावलं आणि उठले.

गाडी सलीमभाईंच्या पिकअपमध्ये चढवली. पॅडल टायर डांबरी रस्त्यावर किंवा गोट्यांवर चालवू नका, पाती फाटतात, म्हणून रेतीपर्यंत नेहमी वाहनातूनच न्या. सलीमभाई चालवायला, मध्ये मी, खिडकीशी रेणू. परत बोरीवरून गेलो तेव्हा आमचे हे काठी टेकून फाट्यावर उभे होते. हात केला नाही, नुसते बघत राहिले.

यवतमाळला तर्री-पोहे खाल्ले. तर्री एवढी जळजळीत की थोडा वेळ भीती विसरले. पुढं घाटंजीपर्यंत रस्ता बरा. दोन्हीकडं कापलेल्या तुरीचे ढीग, शेवटचा वेचा राहिलेली कपाशी. घाटंजीला डिझेल आणि चहा दोन्ही भरून घ्या, पुढं भरवसा नाही. तिथून खड्डे सुरू होतात आणि सागाची झाडं. प्रत्येक खड्ड्यात मागं बांधलेली गाडी धाडकन उडायची आणि मी मागं वळून बघायची.

"काकू, कायले पलटून पलटून पाह्यता? भागत नाई थे," सलीमभाई म्हणाले.

त्यांना काय सांगू, मी गाडी नाही, चाकं बघत होते.

दुपारच्या आत नदीवर पोचलो. पैनगंगा आता बारीक झाली होती आणि वळणावर वाऱ्यापाण्यानं रेतीचं एक टेकाड घातलेलं. तीन पुरुष उंच तरी असेल. अलीकडं सपाट रेतीत सीताबाई नावाची बाई टरबुजाच्या वेलांना पाणी घालत होती. तिला तिळगूळ दिला, वेलांपासून लांब राहू असं सांगितलं. ती टेकाडाकडं बघून म्हणाली, "पोरीले पाठवता थ्यावर? रेतीत चालत राह्यलं तं रेती धरते, थांबलं का गिळते."

रेणूनं चाकांतली हवा कमी केली, पाच-सहा पौंडच ठेवली. टायर बसलेल्या म्हशीसारखे पसरले. हेल्मेट घातलं, गाडी दामटली. सपाटीवर गेली बाई झर्रकन! मला वाटलं, माझाच अंदाज चुकला. टेकाडाच्या पायथ्याशी तिनं जोर वाढवला, आणि अर्ध्यावर आवाज बदलला. इंजिन ओरडत होतं, चाकं गरगर फिरत होती, पण गाडी जागेवर. मग ती मागं घसरू लागली, जराशी तिरपी झाली, आणि नाक वर गेलं.

तेच नाक, तेच आभाळ. माझ्या हातात या वेळी भाकरी नव्हती एवढंच.

रेणूनं बाजूला उडी टाकली. गाडी एकदा उलथली, दुसऱ्यांदा उलथली आणि पोरीपासून हातभर अंतरावर आडवी पडली. मी धावले. रेतीत धावता येत नाही, स्वप्नात धावल्यासारखं होतं. एक चप्पल राहिली तिथंच. मला वाटलं होतं, गाडी चढणार नाही म्हणजे खालीच उभी राहील, पोरगी हात हलवत घरी येईल. गाडी अर्ध्यातून परत येते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आजी, रडू नको न. काई नाई झालं मले," रेणू तोंडातली रेती थुंकत म्हणाली. खरंच काही नव्हतं, कोपर खरचटलं होतं तेवढंच. मी तिच्या हातापायांची बोटं मोजली, जन्मली तेव्हा मोजली होती तशी.

सलीमभाईंनी गाडी उभी केली. आणि ही पोरगी काय म्हणते? "रेती भुसभुशीत हाय. आता दुरून, जोरात घेतो."

"नाई!" मी एवढ्या जोरात ओरडले की सीताबाई हातातली घागर ठेवून आली.

मी रेतीत फतकल मारली. हात उलटा धरला आणि हाताच्या पाठीनं रेती मागं ढकलली. रेती बोटांच्या दोन्ही बाजूंनी निसटली. मग हात वळवला, पसा केला आणि ओढला. रेतीचा ढीगच मागं आला. "चाकं उलटी हायेत, रेणू. सुपाचं तोंड आधी खाली आलं पाहिजे."

सलीमभाई चाकापाशी उकिडवे बसले, हातानं फिरवून पाहिलं, आणि मग कपाळाला हात लावला. "या अल्ला. मिट्टी का हिसाब रेतीले लावला मी." काळ्या मातीत टायरच्या खाचांची नोक पुढं लागते, चिखल बाजूला फेकायला. रेतीत बाजूला फेकून काय मिळणार! बिचारे दहा वेळा माफी मागत होते, आणि प्रत्येक माफी मला टोचत होती.

उपाय सोपा निघाला. डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं लावलं की पात्यांची तोंडं फिरतात. अर्ध्या तासाचं काम. नट आवळताना रेणूनं विचारलं, "आजी, तुले कधी दिसलं थे?"

"आत्ताच," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा ती निघाली तेव्हा मी डोळे मिटले. सीताबाईनं माझा दंड धरला होता. "गेली... अर्ध्यावर गेली... नाई थांबली व बाई, नाई थांबली. अवं, रेती कशी उडून राह्यली, कोंबड्याच्या शेपटीवानी! चढली! डोळे उघड न बाई!"

उघडले. टेकाडाच्या माथ्यावर माझी नात उभी होती, हेल्मेट काढून दोन्ही हात हलवत. एवढा आनंद झाला की पुन्हा रडू आलं, आणि त्यातही भीती होतीच. मला वाटतं ही भीती आता जायची नाही. नंतर सपाट रेतीवर मीही मागं बसले, एक चप्पल घालून. ती गाडी चालवत होती आणि मी तिचा कुडता दोन्ही मुठींत धरून ओरडत होते. सीताबाई हसून हसून खाली बसली.

दिवेलागणीला घरी आलो. रेणू गाडी धुवायला गेली. आमच्या ह्यांनी एकच विचारलं, "नाक वर गेलतं?"

"गेलतं."

"मंग?"

"मंग खाली आलं. मी हो म्हटलं तिले." ह्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "तिले म्हणा, अर्ध्यात थांबू नको."

रेणूला जाऊन आज आठ दिवस झाले. तिथलं मोठं टेकाड ती चढली, काम मिळालं. लुगड्याच्या ओच्यातून अजून पैनगंगेची रेती पडते, मी झाडते आणि परत सापडते. तुम्हाला कोणी विचारलं की कोणते टायर घ्यावे, तर सांगा, गाडीच्या जोराप्रमाणं पाती, कमी हवा, आणि बसवल्यावर घरातल्या म्हातारीला एकदा बोट लावू द्या. ती काही म्हणाली तर हसू नका. आणि ती म्हातारी तुम्हीच असाल तर दुसऱ्यांदाही बोला.

मी लिहिलेलं आधी रेणूकडं जातं. ती फोनवर ऱ्हस्व-दीर्घ नीट करते, मगच तुमच्यापुढं येतं. तेव्हा रेणू, इथं तू थांबशील. मला दारव्ह्यालाच दिसलं होतं, कुंकू लावताना. तू जाऊ नये म्हणून मी गप्प बसले. सलीमभाईंना मी सांगून आले, ते मला चहा पाजून रडले. आता तुला सांगितलं. इथले ऱ्हस्व-दीर्घ तेवढे दुरुस्त कर, बाकी काही खोडू नको.