परात कुणाच्या घरची

गरिबी भाड्यानं मिळत नाही, म्हणून ती आमच्याकडून फुकट गोळा करायला माणसं येतात. हे वाक्य मी आधी एका पत्रकात लिहिलं होतं. आमच्या विद्यार्थी गटातल्या मोठ्यांनी ते कापलं. "फार कडू आहे," म्हणाले. इथं कापायला कुणी नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका मराठी चित्रपटाची प्रॉपर्टी सांभाळली. प्रॉपर्टी म्हणजे पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू. चूल, चष्मा, देवघरातली घंटी, भिंतीवरचं कॅलेंडर. मोठ्या चित्रपटात या कामाला दहा माणसं आणि एक टेम्पो असतो म्हणे. आमच्याकडं मी, माझी स्कूटी आणि एक दोनशे पानी वही. मी कंधारची, नांदेडात शिकलेली. वसतिगृहाच्या पाण्यासाठी पत्रकं काढणारी, ती वाटणारी आणि त्यापायी प्राचार्यांच्या केबिनीत दोनदा उभी राहिलेली. दिग्दर्शक पुण्याचा. त्याला जळकोटच्या रस्त्यावरचं एक गाव पसंत पडलं होतं. जिला घरोघरी पत्रकं वाटता येतात तिला घरोघरी भांडी मागता येतील, असा त्याचा हिशोब. तेवढा बरोबर होता.

त्यानं दिलेल्या यादीत पहिलंच नाव होतं कंदील.

"कंदील कामून?" मी विचारलं.

"गावाचा फील येतो गं."

"दादा, या गावात फ्रीज हाय, मिक्सर हाय, दाराशी पाण्याचा निळा ड्रम हाय. कंदील एकाच्या बी घरात न्हाई."

"प्रेक्षकाला गाव वाटलं पाहिजे ना."

"आन प्रेक्षक गावातलाच असला तर?"

तो हसला. त्याच्या मनातला प्रेक्षक कुठं राहतो ते मला त्या हसण्यात कळलं. कंदील मी लातूरच्या एका भंगारवाल्याकडून आणला. ज्या घराला कंदील लागत नाही त्या घराला तो टांगला आणि शेजारच्या बोर्डात मोबाइलचा चार्जर खोचून ठेवला. चार्जर काढायला तीनदा माणूस आला. तिन्ही वेळा मी परत खोचला.

यादीत पुढं होतं, "पितळी भांडी, भरपूर." आता आमच्या गावांतलं पितळ बोहारणीनं आणि मोडवाल्यानं कधीच नेलं. बायकांनी ते देऊन स्टील घेतलं, आणि बरं केलं. चिंचेनं घासत बसायला त्यांच्या हाताला काय दुसरं काम नाही? पितळ उरलं होतं ते एकाच घरात. किराणा दुकानवाल्याच्या. घर मोठं म्हणून शूटिंगही त्याच घरात. दुकानवाल्याच्या बायकोनं माडीवरची दोन पोती खाली ओतली. हंडा, घागर, डबे, एक मोठी परात. "आमची भांडी पिच्चरात येणार," म्हणून ती शेजारणींना हाका मारत होती.

मी एकेक भांडं वहीत लिहून घेतलं, आमच्याकडं लिहितात तसं. गावात पंगत असली की भांडी घराघरांतून येतात, जेवणं झाली की एकच ढीग होतो. मग एखादी म्हातारी बसते आणि भांडं फिरवून फिरवून कोरलेलं नाव वाचते. ज्याचं नाव त्याच्या घरी. म्हणून लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर कोण कुणाला देतंय ते टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं. मी ते शब्द जसेच्या तसे उतरवले, घरवाल्यांची सही घेतली. दुकानवाल्यानं गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकाला साखर तोलता तोलता सही केली. वाचली नाही. घरात वर्षानुवर्षं पडलेल्या भांड्यावरचं नाव कोण वाचतं?

भांडण झालं ते तिसऱ्या दिवशी. मांडणीवर परात उभी होती आणि कॅमेरा तिच्याजवळ गेला.

"हे नाव नको," दिग्दर्शक म्हणाला. "आपल्या गोष्टीतल्या बाईचं नाव वेगळं आहे. घासून टाका. ग्राइंडर मिळेल ना कुठं?"

"मिळंल. पण मी घासू देणार न्हाई."

"अगं, एक परात आहे."

"तुमची हाय का? चार दिवस उसनी आणलीय. कुणाच्या तरी बापानं पोरीसाठी नाव घातलंय ते. परात थोडी फिरवा, नाव भिंतीकडं जाईल. एवढंच काम हाय!"

"कुणाचं नाव घातलंय?"

हा प्रश्न त्याचा नव्हता. चहाची किटली घेऊन अक्का दारात उभी होती.

अक्का म्हणजे आमची स्वयंपाकीण. जळकोटच्या बसस्टँडमागं तिची खानावळ. आमच्या साठ माणसांचं जेवण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या मैदानात रांधायची. मोठी भांडी मंडपवाल्याकडून भाड्यानं आणायची. या गल्लीत चहा घेऊन ती तोवर एकदाही आली नव्हती, दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. त्या दिवशी माणूस नव्हता म्हणून आली.

मी परात फिरवून वाचलं. चि. सौ. कां. अमुक हिस वडिलांकडून, आणि खाली एका गावाचं नाव. नाव मी इथं लिहीत नाही, तिनंच तसं सांगितलंय.

अक्कानं किटली खाली ठेवली.

"ते माझं नाव हाय," ती म्हणाली.

दुकानवाला तिचा थोरला दीर. याच घरात ती नांदायला आली होती. नवऱ्यानं दुसरी केली, फारकत झाली. फारकतीच्या बैठकीत तिच्या भावानं लग्नातली भांडी मागितली, तर या लोकांनी देवाच्या शपथेवर सांगितलं की भांडी तिनं जातानाच रिक्षात घालून नेली. पंचांनी मान डोलावली. बाई खोटी, भांडी गायब, विषय संपला. तेव्हापासून ती भाड्याच्या परातीत पीठ मळत होती.

माझं डोकं तापलं. डोकं तापलं की मला लिहायला होतं. दुपारी चुलीपाशी बसून मी तिला पत्रकाचा मजकूर वाचून दाखवला. मथळाच तीन उद्गारचिन्हांचा होता.

ती भाकरी थापत होती. "काय करून राहिलीस हे?"

"पत्रक. तालुक्यात वाटू."

"म्हंजी समद्या तालुक्याला कळंल की मला टाकली. ते त्यांला ठावं हाय. मला कागद नको बाई, मला परात पायजे."

मी कागद चुलीत घातला. खरं सांगते, राग आला होता. चांगला मजकूर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जागेवर होते, दिग्दर्शक शांत राहा म्हणून ओरडला होता, आणि अक्का सरळ आत आली. मांडणीवरून परात उचलली, काखेत मारली आणि निघून गेली. कॅमेरा तसाच रिकाम्या मांडणीकडं बघत राहिला. मी वही घेऊन तिच्यामागं पळाले.

दुकानवाला मोटारसायकलवर मैदानात पोचला तोवर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. भोवती अर्धं गाव आणि आमचं सगळं युनिट.

"ती परात ठिव खाली."

"खालीच हाय की," अक्का मळता मळता म्हणाली.

"आमच्या घरची हाय ती!"

"तुमच्याच घरून आली. कोण न्हाई म्हणतंय?" मग माझ्याकडं बघून, "वाच बाई. मोठ्यानं वाच."

आयुष्यात मी पुष्कळ सभांत बोलले आहे. इतक्या मोठ्यानं कधी वाचलं नाही. पितळी परात एक. कोरलेलं नाव, वडिलांचा उल्लेख, गाव. भांडं कुणाच्या घरून आणलं त्याचं नाव. खाली सही.

"पिच्चरच्या वहीत सही केलीय, कोर्टात न्हाई," तो म्हणाला.

फारकतीच्या बैठकीला बसलेला एक म्हातारा गर्दीत होता. तो म्हणाला, "पण मालक, तवा तुम्ही बोललात की भांडी रिक्षातून गेली."

"रिक्षा वापस आली म्हणायची!" मागून कुणीतरी. सगळं मैदान हसलं. म्हातारा हसला नाही. त्यानं शपथ खरी मानून मान डोलावली होती.

दुकानवाल्यानं मग दिग्दर्शकाला गाठलं. "परात घरात आली तर शूटिंग. न्हाई तर तुमचं सामान उचला."

दिग्दर्शक अक्कासमोर उकिडवा बसला. "ताई, मी लातूरहून तुम्हाला नवी आणून देतो. याच्यापेक्षा मोठी."

"नवी तुमच्या घरी न्या. तुमच्या बायकोला व्हईल."

मग तो मला बाजूला घेऊन गेला. "दोन दिवसांचं काम राहिलंय. दोन दिवस परात तिथं राहू दे. नंतर काय करायचं ते करा."

"दोन दिवसांनी ती परत माडीवर पोत्यात जाईल."

"तुझं काम काय आहे? ज्याच्याकडून आणलं त्याला परत देणं."

"न्हाई. जिचं नाव हाय तिला परत देणं."

"तुला सिनेमा महत्त्वाचा आहे का परात?"

"परात."

त्यानं मला काढून टाकलं असतं. पण कोणत्या घरचं काय आणलंय ते माझ्या अक्षरात होतं, आणि माझं अक्षर मलाच लागतं. शिव्या त्यानं दिल्या, इंग्रजीत. मी मराठीत परत केल्या.

घर हातचं गेलं. उरलेलं काम एका मास्तरांच्या घरी उरकलं. तिथं पितळ नव्हतं, कंदील टांगायला खिळा नव्हता. हंडा, घागर आणि डबे अजून दुकानवाल्याच्या माडीवर आहेत. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स अक्कानं मागून घेतली. बाकीचं कधी आणायचं ते ती ठरवेल, मी नाही. तेवढं मी शिकले.

चित्रपट लातुरात एका छोट्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा मी तिला घेऊन गेले. एका प्रसंगात मांडणीवर परात आहे, बाई तिकडं पाठ करून उभी. पुढच्याच प्रसंगात गोष्टीतला दिवस तोच, स्वयंपाकघर तेच म्हणायचं, पण ते मास्तरांच्या घरचं, आणि परात नाही. दिग्दर्शक अजूनही चारचौघांत सांगतो की ही चूक माझी. माझीच आहे. अजून एखादी जमली तर करीन.

बाहेर आल्यावर अक्काला विचारलं, "कसा वाटला?"

"ती बाई लई रडती. कामधंदा न्हाई का तिला?"

"आन परात दिसली का?"

"दिसली. मग दिसली न्हाई."

"लोकं म्हणतात, ते चुकलंय."

"चुकायचं काय त्यात?" अक्का चपला शोधत म्हणाली. "ती तवा मैदानात होती. मी पीठ मळत होते."