पुरवणी प्रश्न

मंत्र्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली तेव्हा मी प्रेक्षक गॅलरीत बसले होते, आणि मला एवढंच जाणवलं की उत्तर फार लवकर आलं.

मी ज्यांच्याकडे काम करत होते त्या बाई विधान परिषदेच्या सदस्या होत्या, विरोधी पक्षाच्या. त्याआधी त्यांनी कामगारांच्या बाजूने बरीच वर्षं वकिली केली होती. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मीही. माझं काम लिहिण्याचं. सभागृहात विचारायचे प्रश्न, भाषणाचे मुद्दे, आणि वर्ष संपताना मतदारांना वाटायची पुस्तिका. वर्षभरात मॅडमनी काय काय केलं आणि पुढच्या वर्षी काय करायचं ठरवलंय, हे त्या पुस्तिकेत असायचं. मी मूळची निपाणीकडची. घरात मराठी, शाळा-कॉलेज कन्नडमधून. लग्न होऊन बेंगळुरूला आले ती इथलीच झाले. ऑफिसात मी बेळगावी म्हणायची आणि घरी बेळगाव. जीभ आपोआप वळायची, तिला शिकवावं लागत नसे.

सभागृहात मूळ प्रश्न बरेच दिवस आधी लेखी द्यावा लागतो. त्याचं छापील उत्तर येतं आणि त्यात बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही. त्यानंतर सदस्य उभं राहून जो पुरवणी प्रश्न विचारतो, तो खरा. तो मंत्र्यांना आधी माहीत नसतो, म्हणून त्यांची तारांबळ उडते. त्या दिवशीचा प्रश्न बेंगळुरूतल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाळणाघराचा होता. छापील उत्तरात म्हटलं होतं, इमारत तयार आहे. मॅडमनी पुरवणी प्रश्न विचारला, “तयार इमारतीला कुलूप का आहे?” मंत्र्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. समोरचा कागद उचलला आणि कुलूप का आहे, पाण्याची जोडणी कुठे अडली आहे, सगळं वाचून दाखवलं.

कुलुपाबद्दल विचारायचं हे तिघांनाच ठाऊक होतं. मॅडमना, मला आणि आमच्या पीएंना.

पीए पन्नाशी उलटलेले, सरकारी कचेरीत आयुष्य काढून मग मॅडमकडे आलेले. माझ्याहून वयाने मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा त्यांनी आपला कप घेऊन माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली.

“अक्का, एक विचारू? तुम्ही फोनवर त्या भाषेत बोलता ना, कोणाशी बोलता?”

“माझ्या बहिणीशी. निपाणीला असते.”

“रोज?”

“रोज नाही. का?”

“काही नाही. आम्हाला कळत नाही ना, म्हणून विचारलं.” ते हसले आणि कप घेऊन गेले.

बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं. पण त्यानंतर मी फोन आला की कन्नडमध्ये बोलायला लागले. बहिणीने दोन-तीनदा ऐकून घेतलं, मग म्हणाली, “काय गं, शेजारी कोण बसलंय का? परक्यासारखी काय बोलतेस?” मी म्हटलं, कामात आहे. आईच्या गुडघ्याचं विचारायचं होतं, तेही मी कन्नडमधूनच विचारलं आणि फोन ठेवला. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. राग कोणाचा आला होता ते मला नीट सांगता आलं नसतं.

ड्रायव्हरही बदलला. पूर्वी मी गाडीत बसले की त्याच्या गप्पा सुरू व्हायच्या, आता तो रेडिओ लावायचा. मॅडम मात्र पहिल्यासारख्याच वागत होत्या. पीएंनी त्यांना काही सांगितलं असेल का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहायची. तिथे काहीच दिसायचं नाही.

आपल्यावर कोणी संशय घेतला की आपल्यालाही तोच धंदा लागतो. मी पीएंवर लक्ष ठेवायला लागले. फोन आला की ते जिन्यात जायचे. जुन्या कचेरीतली माणसं त्यांना भेटायला यायची, येताना मिठाईचा डबा आणायची. एकदा एक गृहस्थ आले होते, त्यांना मी नंतर मंत्र्यांच्या माणसांत उभं असलेलं पाहिलं, किंवा पाहिलं असं मला वाटलं. मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “बेंगळुरूत अर्धी माणसं सारखीच दिसतात, स्वल्प शांत हो.” पण मी शांत झाले नाही. चोर सापडल्याशिवाय माझ्यावरचा आळ जाणार नव्हता.

हिवाळी अधिवेशन बेळगावात होतं. त्यासाठी मॅडमनी बेंगळुरूजवळच्या आनेकलचा विषय घेतला होता; मूळ लेखी प्रश्न मात्र त्याच मंत्र्यांना, कामगार बायकांच्या सोयींबद्दल, मोघम दिला होता. तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांची तक्रार होती की पहाटेची बस कारखान्याच्या फाटकापर्यंत जात नाही, अलीकडेच वळते. पुढचा रस्ता बायकांना अंधारात चालावा लागतो. मी स्वतः आनेकलला जाऊन त्यांना भेटले. सुट्टीच्या दिवशी एकीच्या घरी सगळ्या जमल्या होत्या. त्यांच्यातली एक थोराड बाई बोलण्यात पुढे होती. ती म्हणाली, “ते सांगतात पुढे रस्ता अरुंद आहे, बस वळत नाही. मग कंटेनरचे ट्रक कसे वळतात? तेवढं विचारा म्हणावं तुमच्या मॅडमना. बाकी काही विचारलं नाही तरी चालेल.”

मी मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं. आम्ही दोघींनी बसून ठरवलं, पहिला पुरवणी प्रश्न बस अलीकडे का वळते, आणि मंत्री रस्ता अरुंद आहे म्हणाले की दुसरा, कंटेनर कसे जातात. पीएंनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना वेगळंच सांगितलं. म्हटलं, पुरवणीत होसकोटेकडच्या बायकांच्या वसतिगृहाचं विचारायचंय. त्यांनी मान हलवली, सरी म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मला बरं वाटलं. आता मंत्री होसकोट्याची तयारी करून आले की झालं.

बेळगावात मी माझ्याच मुलखात होते. रस्त्यावर, चहाच्या टपरीवर मराठी कानावर पडत होती, पण मी कोणाशी मराठीत बोलले नाही, कारण पीए बरोबर होते. बहीण भेटायला येते म्हणाली, तिलाही नको म्हटलं.

प्रश्नाची वेळ आली. मॅडम उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं, “बस फाटकाच्या अलीकडे का वळते?”

मंत्र्यांनी कागद उचलला. पुढच्या रस्त्याची रुंदी, वळायला लागणारी जागा, सगळं त्यात होतं. पाहणी करण्याचं आश्वासनही होतं. होसकोट्याचं नावसुद्धा नव्हतं.

मी गॅलरीतून मॅडमकडे बघत होते. आता त्या कंटेनरचं विचारतील म्हणून मी पुढे सरकले. त्यांनी “धन्यवाद” म्हटलं आणि खाली बसल्या. बसताना पदर सावरला. उत्तर ऐकून त्यांना जराही नवल वाटलेलं नव्हतं. शेजारी बसलेले पीए माझ्या कानाशी म्हणाले, “अक्का, वसतिगृहाचं राहिलं की.” मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहाच्या जेवणघरात मॅडम एकट्याच इडली खात होत्या. मी समोर जाऊन बसले.

“मॅडम, तो प्रश्न आपल्या दोघींनाच माहीत होता.”

त्यांनी चटणी घेतली. “हो.”

“मग मंत्र्यांना कसा कळला?”

“मी सांगितला,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. “पीण्याचाही मीच सांगितला होता. पाळणाघराचं कुलूप गेल्या आठवड्यात निघालं, तुम्हाला माहीत आहे. ते काय माझ्या भाषणाने निघालं? त्यांना सभागृहात अडचण नको होती, मला कुलूप काढून हवं होतं. विरोधी बाकावर बसून काम कसं करून घ्यायचं, दुसरी रीत असेल तर सांगा.”

“आणि कंटेनरचं?”

“ते विचारायचं नाही असं त्यांच्याशी ठरलं होतं.”

“ऑफिसात सगळे माझ्यावर संशय घेत होते. तुम्हाला दिसत होतं ना?”

“दिसत होतं.”

“मग एका शब्दाने तरी बोलायचं होतंत.”

“तुम्ही नाही असं मी म्हटलं असतं,” मॅडम म्हणाल्या, “तर पीएंनी विचारलं असतं, मग कोण?”

एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती प्याले. नोकरी सोडावी असं त्या क्षणी वाटलं होतं, पण बेंगळुरूला परत आले आणि सोमवारी नेहमीसारखी ऑफिसात गेले.

पुस्तिका लिहायची वेळ आली होती. वर्षभराच्या कामात पीण्याचं पाळणाघर अगदी वर घालायला मॅडमनी सांगितलं. मी आता त्यांच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास ठेवत नव्हते. कोणालाही न सांगता मी पीण्याला गेले. लेथ चालणाऱ्या शेडच्या रांगेमागे ती इमारत होती. मला खात्री होती की कुलूप पुन्हा लागलेलं असेल, किंवा उद्घाटनाच्या दिवसापुरतीच मुलं आणली असतील. दार उघडं होतं. आत चटयांवर मुलं झोपली होती, एक जागं होतं आणि स्वतःचा पायाचा अंगठा तोंडात घालायचा प्रयत्न करत होतं. कोपऱ्यात भाताचं पातेलं झाकून ठेवलं होतं. सांभाळणाऱ्या बाईने मला दारातच अडवलं.

“तुम्ही कोण? इथे कोणाचं मूल आहे तुमचं?”

मी म्हटलं, बघायला आले.

“काय बघायला? कोणी पाठवलंय?” ती दारातून हलली नाही. कोणी पाठवलं नाही, हे तिला पटेना. शेवटी मी निघाले, तर ती फाटकापर्यंत माझ्या मागे आली आणि मी रिक्षात बसेपर्यंत बघत राहिली. पाळणाघर खरं होतं. मॅडम या बाबतीत खोटं बोलल्या नव्हत्या, आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

पुढच्या वर्षीच्या कामांत मॅडमनी पहिलं काय सांगितलं, तर आनेकलची बस. मी लिहिता लिहिता थांबले. जे विकून टाकलं तेच आता पुढच्या वर्षीचं वचन म्हणून छापायचं होतं.

“हे पहिलं नको घालायला,” मी म्हटलं.

“का? पुढच्या अधिवेशनात विचारणार आहे मी.”

“मग त्या बायकांना गॅलरीत बसवू या. पाससाठी तुमची सही लागेल.”

मॅडमनी चष्मा काढला. माझ्या मनात काय आहे ते त्यांना लगेच कळलं. ट्रकचा प्रश्न त्या बायकांचाच होता. त्या समोर बसलेल्या असताना तो गिळून खाली बसणं सोपं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, “तुमचा माझ्यावर विश्वास राहिला नाही.”

“नाही राहिला, मॅडम.”

“सरी,” त्या म्हणाल्या. “किती पास हवेत ते पीएंना सांगा.”

आनेकलला जाऊन मी त्या थोराड बाईला खरं काय ते सांगितलं, म्हणजे ट्रकचा प्रश्न विचारला गेला नाही एवढं. का नाही ते सांगितलं नाही. ती म्हणाली, “आम्हाला वाटलंच होतं.” मग म्हणाली, “आणि तुम्ही आता आम्हाला तिथे नेऊन काय करणार? फोटो काढणार?” मी म्हटलं, फोटो नाही, नुसतं बसायचं. दिवसाचा पगार बुडवून चौघीजणी आल्या.

त्या दिवशी मॅडमनी प्रश्न विचारला. आधी नेहमीच्या आवाजात, मग एकदा वर गॅलरीकडे बघून: “बस वळत नाही त्या रस्त्यावर कंटेनर कसे वळतात?” मंत्र्यांच्या कागदात ते नव्हतं. ते मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे वळले, अधिकारी फाइल चाळायला लागला, बाकांवर हसू फुटलं. त्या चौघींपैकी एकही हसली नाही. माहिती घेऊन कळवतो, असं मंत्री म्हणाले.

काही महिन्यांनी बस फाटकापर्यंत जायला लागली, पण संध्याकाळची. पहाटेची अजून अलीकडेच वळते. मॅडमचा आणि मंत्र्यांचा त्यानंतर बराच काळ अबोला होता असं म्हणतात. तो खरा होता की दाखवायचा, मला माहीत नाही. दरम्यान पीण्यातल्या दुसऱ्या एका कामाची फाइल अडली, आणि मॅडमनी मला एकदाच विचारलं, “हे कोणाच्या हिशेबात धरायचं?”

पीएंना मी कधीच काही सांगितलं नाही. सांगायचं तर मॅडमचं सगळं सांगावं लागलं असतं. ते अजून मला अक्का म्हणतात, मिठाईचा डबा आला की पहिला माझ्यापुढे धरतात, आणि माझा फोन वाजला की हातातलं काम थांबवून ऐकतात. मी बहिणीशी आता मराठीतच बोलते. मोठ्याने बोलते.