लिंबू, मीठ आणि तांब्याचा कोंबडा

कोंबडा बघायला जायचं ठरलं तेव्हा बायको, आमची रेबेका म्हणाली, "जाऊन-येऊन सातशे किलोमीटर? कोंबड्यासाठी? आपल्या मिल्टनच्या ग्रोसरीत साफ करून मिळतो की!"

हा कोंबडा तांब्याचा. जुन्या अमेरिकन शेतघरांच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवायला असे कोंबडे, घोडे, मासे बसवत. मी ठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं पत्रा ठोकला, म्हणून असली जुनी कामं जमवायचं वेड. कुणी शिकवलं नाही. बघत, फसत शिकलो. बेसमेंटमध्ये लाकडी बदकांची रांग आहे, कोंबडा मात्र दहा वर्षं हुलकावणी देत होता. नवशिक्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: अशा तांब्यावर ऊनपावसाने चढलेला हिरवा थर हेच त्याचं मोल. थर गेला की उरतो नुसता पत्रा.

आम्ही ज्यू, शनिवारी आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, म्हणून रविवारी निघालो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावण्याआधी घरातलं तांबं-पितळ घासून लखलखीत करायचं, हा रेबेकाचा अलिबागपासूनचा नेम. तो आटोपून, घावनं आणि लसणीची चटणी बांधून बाई गाडीत बसल्या.

सकाळी आठच्या आत टोरांटो पार करा. मग टोलच्या रस्त्याची गरज नाही, ४०१ हायवे मोकळा मिळतो. पोर्ट होपला कॉफी आणि बटर टार्ट, दोघांचे मिळून नऊ डॉलर. किंग्स्टननंतर हायवे सोडून नदीकाठचा जुना रस्ता धरा. वीस मिनिटं जास्त लागतात, पण सेंट लॉरेन्स सोबतीला असते. पलीकडचा काठ अमेरिकेचा. कोंबडा तिथूनच होडीतून आला होता.

तो आणणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी मार्गारेट आता पंच्याऐंशीची. धान्याचं कोठार पडायला आलं म्हणून कोंबडा खाली उतरवलेला. फोनवर म्हणाली होती, "दुकानदारांना नाही देणार. माणसं बघून देईन."

तिच्या व्हरांड्यात टेबलावर चहा, लिंबाच्या फोडी, बागेतले टोमॅटो, मीठ, आणि मधोमध तो. शेवाळी हिरवा, शेपूट वाऱ्यावर पसरल्यासारखी. पत्र्याची दोन अर्धी अंगं इतकी नीट झाळून जोडलेली, की सांधा बोटालाच कळावा. मी किंमत कबूल केली. रेबेकाकडे बघून मार्गारेट हसली आणि कोंबडा ज्यावर बसवलेला तो कोठाराचा खांब मला दाखवायला घेऊन गेली.

पाव तासाने परतलो, तर रेबेकाच्या हातात मीठ लावलेली लिंबाची फोड आणि कोंबड्याची अर्धी शेपूट नव्या घागरीसारखी लालबुंद.

"अहो, किती कळकटला होता बिचारा!"

"रेबेका, काय केलंस गं हे?"

"का? शुक्रवारी घासते तेव्हा नाही विचारत!"

तोंडाशी आलेला घास, आणि घरच्याच हाताने गेला. मी मार्गारेटची माफी मागितली, म्हटलं, ठरलेले पैसे देतो, असाच नेतो. ती ऐकत नव्हती. वाकून शेपटीवर बोट फिरवत होती.

"बाबांनी चढवला तेव्हा असाच होता," ती म्हणाली. "शाळेतून येताना पार वळणापासून दिसायचा. मी विसरूनच गेले होते." मग रेबेकाला म्हणाली, "बाकीचा करशील?"

रेबेकाने माझ्याकडे पाहिलं. "अहो, काय करू?"

नाही म्हणता आलं असतं. शेपूट गेली तरी धड हिरवं होतं. फडताळात घासलेली बाजू भिंतीकडे वळवून ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं.

"मानेकडे पत्रा पातळ आहे," मी म्हणालो. "जपून घास."

दोन तास लागले. मी लिंबं कापली, मार्गारेटने मीठ पुरवलं. शेवटी ती अवघडून म्हणाली, "आता हा मला देववणार नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

जवळच्या गॅनानोक्वे गावात मोटेलची खोली पंचाहत्तर डॉलरला मिळाली. स्वच्छ, नाश्ता म्हणजे टोस्ट. कोंबडा गुंडाळायला नेलेली गोधडी रेबेकाने पांघरली. "रागावलात?" "नाही." "मग उरलेली चटणी आणा इकडे."

बेसमेंटमधल्या फडताळात जागा अजून रिकामी आहे. थंडीच्या तोंडावर मार्गारेटच्या भाच्याने ईमेलवर फोटो धाडला: कोंबडा तिच्या राहत्या घरावर चढवलाय, रंग जरासा काळवंडलाय. पुन्हा हिरवा व्हायला वीस-पंचवीस वर्षं तरी जातील. मी सत्तरीचा, तेव्हा तो हिशेब सोडून दिला.

शुक्रवारी तांब्याचा गडू हातात घेऊन रेबेका विचारते, "हा घासू, की याचंही म्हातारपण जपायचंय?"

मी लिंबू कापून देतो.