आधी पुल, मग पुश

“माझं आठवड्याचं काम कुठंय?”

“मी माझी फाइल तिथं ठेवली. तुझी तिच्याखाली गेली असेल.”

“खाली म्हणजे? ती काय गादी आहे?”

फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या त्या लहानशा कचेरीत राइमो आणि इस्मो या दोन प्रोग्रामरांचं हे भांडण हिल्का वुओरेलानं कॉफीचे कप विसळताना भिंतीआडून ऐकलं, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. आवाज कुणीच चढवला नाही. पण दोघांनी जी बोलचाल सोडली ती सोडलीच, आणि त्यांचे निरोप पोचवता पोचवता हिल्काच्या नाकी नऊ आले.

हिल्का काही प्रोग्रामर नव्हे. सरोवरातल्या बोटींची वेळापत्रकं भरायची, एवढंच तिचं काम. पण असली भांडणं टाळणारं गिट नावाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळ्यांआधी शिकली तीच. सगळ्यांचं काम एका सामायिक साठ्यात, आणि प्रत्येकाच्या कंप्युटरवर त्याची आख्खी प्रत, जुन्या नोंदींसकट. सकाळी आल्या आल्या पुल करून दुसऱ्यांचं काम घ्यायचं. आपलं करून झालं की स्टेटस विचारून काय बदललं ते बघायचं, हवं ते ॲड करून निवडायचं, चार शब्द लिहून कमिट करायचं, म्हणजे नोंद पक्की. परत एकदा पुल, आणि मग पुश करून साठ्यात द्यायचं. भात शिजवण्याइतकंही अवघड नाही. पण शिकलीसवरलेली पोरं, त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कमिटवर नुसतं “बदल” लिहून मोकळी होत.

“बदललंय ते दिसतंय मला,” हिल्का वैतागून म्हणे. “का बदललं ते लिही की.”

तिचा नोकरीचा शेवटचा दिवस युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या दिवशी आला. दुपारी दोनला वाल्तेरी, तिथला सगळ्यांत हुशार प्रोग्रामर, तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“हिल्का, कामात आहेस?”

“केक खातेय. काय केलंस?”

“साठा माझं पुश घेत नव्हता.”

“का, ते सांगितलं असेल ना त्यानं?”

“आधी पुल कर म्हणत होता.”

“मग?”

“मग फोर्स लावला.”

हिल्कानं चमचा खाली ठेवला. फोर्स म्हणजे साठ्यातलं सगळं बाजूला सारून आपलंच पुढं दामटायचं. वाल्तेरीची प्रत तीन आठवडे जुनी. साठ्यातून सगळ्यांचं तीन आठवड्यांचं काम गेलं, सणाच्या जादा बोटीही गेल्या. चार वाजता धक्क्यांवरचे फलक तिथूनच वेळा उचलणार, आणि उद्या माणसं पिशव्या घेऊन पाण्याकडं बघत बसणार.

“तीन आठवडे पुल केलं नाहीस?”

“गडबड होती गं.”

“दात तरी घासतोस का रोज?”

वाल्तेरी कान खाजवत म्हणाला, “तुझी प्रत ताजी आहे. तूही फोर्स लाव ना.”

“म्हणजे आता तुझं काम पुसू? सरक तिकडं.”

तिनं स्टेटस बघितलं. सकाळचं सगळं जागच्या जागी होतं. मग रोजच्यासारखं पुल केलं. वाल्तेरीचं काम आणि तिच्या प्रतीतलं सगळ्यांचं काम एकत्र आलं. एकाच ओळीवर दोघांचे हात पडले होते. त्यानं धक्क्याचं नाव बदललेलं, तिनं वेळ. तिनं दोन्ही ठेवलं, ॲड केलं, आणि कमिटवर लिहिलं: ‘वाल्तेरीचं काम व जूनची वेळापत्रकं एकत्र केली. पुश अडलं तर आधी पुल करा.’

परत एकदा पुल. नवीन काही नव्हतं. मग पुश. साठ्यानं निमूट घेतलं. पावणेतीन झाले होते.

“झालं?” वाल्तेरीनं विचारलं.

“माझं झालं. आता तू पुल कर. इथं, माझ्यासमोर.”