बारदान्याच्या खोलीतली झोप

मंडळी, आज तुमसरजवळच्या एका राइस मिलमध्ये गेले होते. तिथे धान वाळवणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर हवंय. सांभाळायला बाई आमची संस्था देईल, खोली मिलने द्यावी, एवढंच मागणं.

मिलचे शेठजी मोठ्यानं म्हणाले, "त्यापेक्षा लेकरांना दप्तरं वाटतो ना जी, मिलचं नाव टाकून! खोली कुठी हाये?" आणि जागा नाही हे मला पटावं म्हणून बारदान्याची खोलीच उघडून दाखवली.

रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर एक चिमुरडी गाढ झोपली होती.

मी काही बोलणार, तोच शेठजी कुजबुजले, "हळू बोला जी, लेकरू झोपलं हाये. तिची झोप झाली का बारदाना हलवतो अन् खोली देतो."

तुमच्या ओळखीच्या शेठजींकडेही जागा नाहीये का? एकदा खोली उघडून दाखवायला सांगा.